किल्ली ठेवायला गेलेली मुलगी

सकाळची वेळ. शाळेला निघालेली एक मुलगी वाटेत एका बंद घरापाशी थांबते. वडिलांचा घरं विकण्याचा व्यवसाय आहे. जाता जाता तेवढी किल्ली पायपुसण्याखाली ठेव, असं त्यांनी सांगितलेलं असतं. सोबत शेजारचा लहान मुलगा आहे. तो म्हणतो, तिथं जाऊ नको, ते भुताचं घर आहे. ती हसते, पायऱ्या चढते, किल्ली ठेवते आणि परत वळते. आपण मात्र त्या वेळी घराच्या आत असतो. अंधारात, दारामागे. आपल्या शेजारी कुणीतरी उभं असतं, आणि त्याच्या नजरेनं आपण तिला पाहत असतो.

बस, इतकंच घडतं. ती दुसऱ्या रस्त्यानं गेली असती, किंवा वडिलांनीच किल्ली टाकली असती, तर तो चित्रपट दुसऱ्याच कुणाचा झाला असता.

जॉन कारपेंटर यांच्या १९७८ सालच्या 'हॅलोविन'मधला हा प्रसंग माझ्या डोक्यात पंचवीस वर्षं ठाण मांडून बसलाय. चाकूचे प्रसंग त्यात आहेतच. मला भीती बसली ती या किल्लीची.

मी तो पहिल्यांदा पाहिला २००० च्या मे महिन्यात, सांगलीला मावशीकडे. मावसभावानं सीडी भाड्यानं आणली होती. दोन सीड्यांचा चित्रपट, मधे उठून दुसरी घालायची. मोठी माणसं गच्चीवर झोपायला गेली होती. खाली हॉलमध्ये मावसभाऊ, मी आणि माझा धाकटा भाऊ, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला आम्ही हाकललं होतं, पण तो पांघरूण घेऊन दाराशी बसला आणि सगळं पाहिलं. त्यात एक प्रसंग आहे. ती किल्लीवाली मुलगी, लॉरी, आपल्या खोलीच्या खिडकीतून खाली पाहते, तर वाळत घातलेल्या चादरींमध्ये तो पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस उभा. ती बघत राहते आणि पुढच्या क्षणी तिथं फक्त चादरी. त्या रात्री दोन वाजता भावानं मला उठवलं आणि मावशीच्या अंगणातल्या दोरीवरची चादर काढून आणायला लावली. मी गेले. दोरीपर्यंतची ती बारा-पंधरा पावलं मला अजून मोजता येतात.

पुढे हा चित्रपट कसा झाला हे वाचत गेले तसा माझा जीव त्याच्यात आणखी गुंतला. ३ लाख डॉलरच्या आसपास खर्च, जेमतेम तीन आठवड्यांचं चित्रीकरण. गोष्ट घडते इलिनॉयमधल्या हॅडनफिल्ड नावाच्या काल्पनिक गावात, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे हॅलोविनच्या सणाला, मुलं मुखवटे घालून दारोदार फिरतात तेव्हा. चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात, वसंतात, हिरव्यागार झाडांखाली. म्हणून पानगळ दाखवायला पानं रंगवली, रस्त्यावर पसरली आणि प्रसंग झाला की पुन्हा गोळा करून पिशव्यांत भरली, कारण ती पुढच्या प्रसंगाला लागणार होती. खुन्याचा, म्हणजे मायकल मायर्सचा, मुखवटा दुकानातून आणलेला, दोन डॉलरच्या आतबाहेरचा. 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा तो चेहरा. त्याच्या भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि त्याला पांढरा रंग फासला. एका ओळखीच्या, लोकप्रिय चेहऱ्यावरची ओळखच तेवढी पुसली. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या त्या पात्राला नावही नाही, नुसतं 'द शेप' असं लिहिलंय. आकृती.

संगीतही कारपेंटर यांचंच. त्यांचे वडील संगीताचे प्राध्यापक. त्यांनी लहानपणी मुलाला बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता, तोच इथं पियानोवर आला. चार मात्रांची सवय असलेला कान दर आवर्तनाला जरासा अडखळतो. पाऊल टाकावं आणि पायरी अपेक्षेपेक्षा खाली असावी, तसं होतं. त्यात मोठा आवाज नाही, किंकाळी नाही, नुसतं ते अडखळणं.

आणि रक्त! लोक म्हणतात की स्लॅशर, एकामागून एक माणसं मारत सुटलेल्या खुन्याचे हे चित्रपट, म्हणजे रक्तपात. या चित्रपटात रक्त जवळजवळ नाहीच. डीन कंडी यांचा कॅमेरा रुंद चौकटीत संथपणे सरकत राहतो आणि आपण त्या चौकटीचे कोपरे तपासत बसतो. झुडपामागे कुणी आहे का? जिन्याच्या अंधारात? बहुतेक वेळा कुणी नसतं. रिकाम्या जागेवर नजर खिळवून ठेवायला आपल्याला शिकवलं जातं, आणि शेवटच्या मिनिटात त्या शिकवणीचा वापर होतो. लहानपणी बहिणीचा खून केलेल्या मायकलवर मनोरुग्णालयात उपचार करणारे डॉक्टर लूमिस त्याच्यावर सहा गोळ्या झाडतात, तो वरच्या मजल्यावरून खाली पडतो. लॉरी रडत विचारते, हाच का तो बागुलबुवा? डॉक्टर म्हणतात, हो, तोच होता. मग ते खाली पाहतात, तर गवतावर कुणी नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नसतं. त्यानंतर एकेक रिकामी जागा दिसत जाते, जिना, दिवाणखाना, रस्त्यावरची अंधारी घरं, आणि सगळ्यांवर मुखवट्याआडचा तो श्वास ऐकू येत राहतो. तो आता कुठंही असू शकतो. चित्रपट इथं संपतो.

अशा शेवटानंतर दुसरा भाग काढायचा कसा? ज्यानं प्रत्येक रिकामी जागा भीतीनं भरून टाकली, त्याला परत एका शरीरात कोंबायचं आणि एका पत्त्यावर पाठवायचं. तो पत्ता होता हॅडनफिल्डचं हॉस्पिटल.

हॉस्पिटलबद्दल बोलायचं तर आधी मला दुसरंच काही सांगावं लागेल.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. माझा भाऊ रात्री साडेदहाच्या सुमाराला मोटरसायकलवरून तासगावला घरी येत होता. रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आमच्या भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, दर हंगामात एखाद्या घरावर ही वेळ येते. त्याची मांडी दोन ठिकाणी मोडली, बरगड्या मोडल्या, आणि पहिल्या रात्री डॉक्टरांनी आम्हाला काहीच शब्द दिला नाही. मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये आम्ही सव्वीस दिवस होतो.

त्या दिवसांतलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते म्हणजे भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. डबे घेऊन आले, रात्री थांबले, रक्त द्यायला रांगेत उभे राहिले. पण आल्या आल्या, चप्पल काढता काढता, प्रत्येकजण विचारायचा. हेल्मेट घातलं होतं का? स्पीड किती होता? एवढ्या रात्री गेलाच कशाला होता? फोनवर बोलत होता का? काका तर दोनदा येऊन विचारून गेले, नक्की प्यायला नव्हता ना? आई प्रत्येकाला उत्तर द्यायची. हेल्मेट होतं. चाळीसच्या आत होता. मित्राच्या वडिलांना औषध पोचवून येत होता. नाही, तो पीत नाही. उत्तरं ऐकून माणसांचे चेहरे पडायचे. तेव्हा मला राग यायचा. पुढं कधीतरी लक्षात आलं की ती माणसं घाबरलेली होती. त्यांचीही पोरं त्याच रस्त्यानं रोज येत-जात होती. भावाची एखादी चूक सापडली असती तर त्यांना त्या रात्री शांत झोप लागली असती.

चूक सापडली नाही. त्याला निरोप मिळाला होता की औषध नेऊन दे, आणि तो गेला होता.

'हॅलोविन'च्या पहिल्या भागात एक वर्गाचा प्रसंग आहे. बाई नियतीवर शिकवत असतात, दोन लेखकांनी नियती कशी वेगवेगळी पाहिली याची चर्चा चाललेली. लॉरीचं लक्ष खिडकीबाहेर. रस्त्यापलीकडे गाडी उभी आहे आणि तिच्याजवळ तो. बाई तिलाच प्रश्न विचारतात आणि ती दचकून बरोबर उत्तर देते. एकाच्या मते नियतीचा संबंध धर्माशी आहे, दुसऱ्याच्या मते ती माती, हवा, अग्नी, पाणी यांच्यासारखं एक तत्त्वच आहे. चौदाव्या वर्षी मला ते नुसतं वर्गातलं बोलणं वाटलं होतं. मिरजेच्या त्या कॉरिडॉरमध्ये, भिंतीला पाठ लावून बसल्यावर, ते शब्द न बोलावता आठवले. वारा कुणाला विचारून वाहत नाही.

भाऊ घरी आला तो मांडीत रॉड घेऊन. पुढचे चार महिने पलंगावर. एका दुपारी तोच म्हणाला, "ताई, त्या चादरीवाल्याचा दुसरा भाग हाय म्हणं. बघूया की."

'हॅलोविन टू' आला १९८१ च्या ऑक्टोबर अखेरीस, पहिल्यानंतर तीन वर्षांनी. पटकथा पुन्हा कारपेंटर आणि डेब्रा हिल यांचीच, दिग्दर्शन मात्र रिक रोझेंथाल यांचं. पूर्ण लांबीचा त्यांचा हा पहिलाच चित्रपट. खर्च पहिल्याच्या सात-आठपट, २५ लाख डॉलरच्या घरात. मुखवटा तोच जुना, मधल्या वर्षांत पिवळट पडलेला. लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिस यांनी केस कापले होते म्हणून त्यांना टोप घालावा लागला. गोष्ट त्याच रात्री, त्याच मिनिटापासून पुढं सुरू होते, ही कल्पना मला आजही फार आवडते. पहिला भाग संपताना प्रेक्षक म्हणून आपण घरी जातो, पण ज्यांच्यावर गुदरलं त्यांची रात्र अजून बाकी असते. ॲम्ब्युलन्स यायची असते, जबाब व्हायचे असतात, कुणाला तरी फोन करून कळवायचं असतं.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं तर मी पहिल्या भागाच्या पंक्तीला बसवीन. डॉक्टर लूमिस अंगणात धावतात, गवतावर रक्त आहे, माणूस नाही. शेजारी दार उघडून वैतागतो, काय थट्टा चालवलीय, मुलांनी दारं वाजवून आज जीव नकोसा केलाय. डॉक्टर त्याच्याकडे वळून म्हणतात, जीव जाणं म्हणजे काय हे तुला ठाऊकच नाही. डोनाल्ड प्लेझन्स हे वाक्य असं म्हणतात की पंधरा वर्षांचा थकवा त्या एका श्वासात येतो. पहिल्या भागात त्यांनीच सांगितलेलं असतं, आठ वर्षं त्या मुलाच्या मनापर्यंत पोचायचा प्रयत्न केला आणि नंतरची सात त्याला कोंडून ठेवण्यात घालवली.

मग कॅमेरा पुन्हा त्याचे डोळे होतो. गल्लीबोळांतून, मागच्या अंगणांतून. एका घरात म्हातारं जोडपं. आजोबा टीव्हीसमोर डुलकी घेतायत, आजी सँडविच करतायत. त्या नवऱ्याला विचारायला वळतात, तेवढ्यात ओट्यावरचा चाकू गेलेला असतो. आजींना काही होत नाही. शेजारच्या घरात एक मुलगी मैत्रिणीशी फोनवर बोलत असते, तिला मात्र तो सोडत नाही. का? आजींना सोडलं आणि तिला का नाही? चित्रपट उत्तर देत नाही आणि आपल्या मानेवरचे केस उभे राहतात. भाऊ उशीवरून उठून बसला होता. मला वाटलं, अरे, जमलंय यांना.

याच भागात बेन ट्रेमर नावाच्या मुलाचं काय होतं ते मला कधी विसरता आलं नाही. पहिल्या भागात हा मुलगा दिसतही नाही. लॉरीला तो आवडतो, तिच्या मैत्रिणीनं परस्पर त्याला ते सांगून टाकलेलं, एवढाच त्याचा उल्लेख. दुसऱ्या भागात सणाच्या रात्री तो तसाच एक मुखवटा घालून रस्त्यानं चाललेला असतो. डॉक्टरांना वाटतं हाच तो. पिस्तूल रोखून ते त्याच्यामागे जातात, तो गोंधळून रस्त्यावर येतो आणि पोलिसांची गाडी त्याला उडवते. गाडी व्हॅनवर आदळते, स्फोट होतो, पोरगा उभाच्या उभा जळतो. इथं खुनी कुणी नाही. सगळे चांगल्या हेतूनं धावणारे लोक. पहिल्या भागाच्या आत्म्याशी सगळ्यात इमान राखणारा प्रसंग हाच आहे, आणि त्याच्यासाठी हा चित्रपट मिनिटभरही थांबत नाही. जळालेला देह नेमका कुणाचा, एवढ्याच प्रश्नापुरता बेन उरतो. भाऊ म्हणाला, "ह्याच्या घरी कोण सांगणार?" मी काही बोलले नाही.

हॉस्पिटलमध्ये शिरल्यावर चित्रपटाचा तोल हळूहळू जातो. कारणं उघड आहेत. मधल्या काळात, १९८० च्या मे महिन्यात, 'फ्रायडे द थर्टीन्थ' येऊन गेला होता आणि प्रेक्षकांना रक्त बघायची सवय लागली होती. रोझेंथाल यांनी संयम धरून जे जुळवलं ते कारपेंटर यांना मिळमिळीत वाटलं आणि त्यांनी स्वतः आणखी रक्तरंजित प्रसंग चित्रित करून घातले. ज्या माणसानं न दाखवता घाबरवायचं कसं हे दाखवून दिलं, त्यालाच तीन वर्षांत आपल्या पद्धतीवर विश्वास ठेवता आला नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. मग डोळ्यात सुई येते, उकळत्या पाण्यात चेहरा बुडवणं येतं, पाठीत छोटी सुरी खुपसून नर्सला जमिनीवरून उचलणं येतं. प्रत्येक मरण वेगळं, प्रत्येक मरणाची नवी युक्ती. पहिल्या भागात मला त्या मुली माहीत होत्या. त्यांच्या गप्पा, खोड्या, गृहपाठाची पुस्तकं विसरणं. इथल्या नर्सेस आणि ॲम्ब्युलन्सवाल्या पोरांशी नीट ओळख व्हायच्या आतच त्यांची पाळी येते.

शिवाय ते हॉस्पिटल! इतकं रिकामं, इतकं अंधारं. गावात इतके खून झालेत आणि तिथं पेशंट नाहीत, गडबड नाही, नातेवाईक तर एकही नाही. सव्वीस रात्री मी ज्या कॉरिडॉरमध्ये काढल्या तिथं पाय ठेवायला जागा नसायची. चटया, स्टीलचे डबे, कुणाची तरी आजी जपमाळ ओढत बसलेली, मेडिकलच्या पावत्या मुठीत धरून पळणारी पोरं. लॉरीचे आईवडील चित्रपटभर तिच्या खाटेपाशी येत नाहीत. सुरुवातीला मला ही पटकथेची सोय वाटली, नायिकेला एकटं पाडायची. नंतर वाटलं, हॉस्पिटलमधलं एकटेपण गर्दीतही असतंच. पडदा ओढून नर्स निघून गेल्यावर खाटेवरच्या माणसाजवळ कुणीच नसतं. भाऊ पुढं एकदा बोलला होता, तुम्ही सगळे बाहेर आहात हे कळायचं, पण तुमचा आवाज लांबून आल्यासारखा यायचा.

म्हणून लॉरीच्या वाट्याला आलेले दोन प्रसंग मला या भागातले सर्वांत मोलाचे वाटतात. पहिला, तिला आत आणतात तेव्हाचा. टाके घालायचेत, इंजेक्शनची तयारी चाललीय, आणि ती विनवते, मला झोपवू नका. जी मुलगी काही मिनिटांपूर्वी विणायची सुई आणि कपाटातला तारेचा हँगर घेऊन लढली, तिच्याजवळ आता फक्त जागं राहणं उरलंय, आणि तेही प्रेमानं, उपचार म्हणून काढून घेतलं जातंय. दुसरा प्रसंग बाहेर गाड्या लावतात तिथला. ती कशीबशी निसटून एका गाडीत लपलेली. डॉक्टर लूमिस येतात, दाराकडे चालू लागतात. ती गाडीतून जमिनीवर कोसळते, सरपटते, तोंड उघडते आणि आवाजच फुटत नाही. माणसं पन्नास पावलांवर आहेत, दार बंद होतंय. शेवटी किंकाळी निघते ती दार मिटल्यावर.

तिथं भावानं मला थांबवायला सांगितलं. मी थांबवलं. पाणी दिलं. ट्रॉलीखालून तोही असंच हाका मारायचा प्रयत्न करत होता, हे त्यानं त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. दोन गाड्या बाजूनं गेल्या होत्या. तिसरा टेम्पोवाला थांबला. मग तो म्हणाला, "लाव आता."

पण त्या प्रसंगाच्या थोडं आधीच तो खुलासा येऊन गेला होता.

डॉक्टर लूमिस यांना गाडीत बसवून परत नेत असतात आणि सोबतची नर्स सांगते की एक बंद फाईल सापडलीय. लॉरी ही मायकल मायर्सची सख्खी धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर ती दत्तक दिली गेली, नोंदी दडवून ठेवल्या गेल्या. १९६३ मध्ये एका बहिणीला मारलं, आता उरलेलीला मारायला तो आलाय.

ते ऐकून भाऊ पलंगावर मागं रेलला होता. "अस्सं व्हय," तो म्हणाला. "घरचंच मॅटर हुतं म्हणजे."

त्याच्या आवाजात जी सुटका होती ती मी ओळखली. चप्पल काढता काढता हेल्मेटबद्दल विचारणाऱ्या माणसांना जी हवी होती, तीच. कारण मिळालं. आता बाकी जग सुरक्षित. मायकलशी तुमचं नातं नसेल तर तुम्ही त्या दारात खुशाल किल्ली ठेवायला जा.

पण मग ती किल्ली कुठं गेली? ती तिथून चालत गेली म्हणून त्यानं तिला पाहिलं, एवढ्याच धाग्यावर पहिला चित्रपट उभा होता. आता ते सगळं आधीपासून ठरलेलं होतं असं म्हणायचं, तर चौकटीत येणारा त्याचा खांदा, त्याचा श्वास, तिचं गाणं गुणगुणत जाणं, सगळं नुसती प्रस्तावना होऊन बसतं. आणि पहिल्या भागात मेलेली ॲनी? लिंडा? बॉब? फोनवर बोलणारी ती शेजारची मुलगी? त्या नात्याच्या हिशेबात ही सगळी फक्त मधे आलेली माणसं. बेन तर त्याहूनही नाही. कारण शोधायला निघालेल्या चित्रपटानं एका मुलीच्या पाठलागाला अर्थ देताना बाकी सगळ्यांची मरणं फुटकळ करून टाकली.

कारपेंटर यांनीच नंतर मुलाखतींमधून मोकळेपणी सांगितलंय की पुढं सांगण्यासारखी गोष्ट फारशी उरलीच नव्हती, आणि बहिणीची कल्पना त्या रिकामपणातून आली. रात्री लिहायला बसायचं, जोडीला बिअर. तरी ती कल्पना पहिल्या भागातही मागं जाऊन शिरली. १९८१ मध्येच पहिला 'हॅलोविन' अमेरिकन टीव्हीवर दाखवायचा होता. वेळ भरायला काही प्रसंग जास्तीचे हवे होते आणि ते दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणादरम्यान उरकले गेले. त्यात मनोरुग्णालयातल्या त्याच्या खोलीच्या दारावर 'बहीण' असा शब्द कोरलेला दाखवलाय. म्हणजे दुसऱ्या भागानं पहिल्याच्या घरात शिरून तिथल्या भिंतीवर लिहून ठेवलं. पुढचे कितीतरी भाग याच नात्यावर चालत राहिले. शेवटी २०१८ मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी नवा भाग केला तेव्हा पहिल्यानंतरचं सगळं बाजूला ठेवलं. त्यात लॉरीची नात सांगते की तो भाऊ वगैरे नव्हता, ते लोकांनी रचलंय. ते वाक्य आलं तेव्हा मी थिएटरमध्ये एकटीच बसले होते. डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आलं.

तर मग दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का? नाही. हे मी ठामपणे सांगते, आणि कमी रक्तानं किंवा जास्त पैशानं तो तसा झाला असता असंही मला वाटत नाही. कंडींचा कॅमेरा तोच आहे. कारपेंटर आणि ॲलन हॉवर्थ यांनी सिंथेसायझरवर पुन्हा वाजवलेली ती पाच मात्रांची धून जास्त गडद आहे, एखाद्या जुन्या चर्चमधल्या ऑर्गनसारखी, आणि मला ती आवडते. कर्टिस निम्मा वेळ खाटेवर पडून असल्या तरी नुसत्या डोळ्यांनी काम करतात. मोडतो तो चित्रपट त्या फाईलपाशी. त्याला प्रेक्षकांना दिलासा द्यायचा मोह झाला.

तरीही वर्षा-दीड वर्षातून मी पहिल्याच्या पाठोपाठ दुसरा लावतेच. सलग, एकाच रात्री, जसं ते घडतं तसं. पहिल्या भागात लॉरी वाचते, आणि वाचलेल्या माणसाची पुढची रात्र कशी असते ते मला फक्त दुसऱ्यात दिसतं. ती लंगडत, भिंतीला धरत, गुंगीच्या औषधानं जड झालेले पाय ओढत चालते. भाऊ वॉकर घेऊन पहिल्यांदा न्हाणीघरापर्यंत गेला तेव्हा अगदी तसाच चालला होता, आणि आई मागून हात पसरून, न शिवता, त्याच्या पावलावर पाऊल टाकत होती.

त्या दुपारी आम्ही तो शेवटपर्यंत पाहिला. गॅस भरलेल्या खोलीतला स्फोट झाला, तो जळत बाहेर आला, पडला. सकाळ झाली. लॉरीला ॲम्ब्युलन्समध्ये चढवतात, दुसरीकडे न्यायला. तिचा चेहरा दिसत राहतो, उजेड पडलेला, डोळे उघडे. मग मुखवटा जळताना दिसतो आणि 'मिस्टर सँडमन' हे १९५४ मधलं द कॉर्डेट्सचं गोड गाणं सुरू होतं, झोप आणणाऱ्याकडे स्वप्न मागणारं.

मी लॅपटॉप मिटायला हात पुढं केला. भावानं माझं मनगट धरलं.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "तिला अजून झोप लागली नाही."